थंडीत ट्रॅक्टरची लिफ्ट जड झाली: आधी तेल-जाळी, की थेट पंप?

सोलापूरची थंडी ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने अवजार उचलणारी यंत्रणा) अडवण्याइतकी कडक नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा सहसा १०-१२ अंशांच्या खाली जात नाही, आणि योग्य ग्रेडचं तेल या तापमानाला व्यवस्थित वाहतं. तेव्हा सकाळी नांगर उचलताना पंप ओरडत असेल, तर दुखणं आधीपासूनच आहे. थंडीने ते फक्त उघडं पाडलं. खर्च कुठे करायचा हे ठरवायला एक गोष्ट नीट पाहा: लिफ्ट गार असताना अडते की तापल्यावर?

गार असताना अडखळते, पंप घोंघावतो आणि १५-२० मिनिटं काम झालं की सुरळीत होते, तर पंपाला तेल ओढायला त्रास होतोय. सकाळी चांगली, पण दुपारी ट्रॅक्टर तापल्यावर ढिली पडते, तर तेल पातळ होऊन झिजलेल्या पंपातून आतल्या आत गळतंय. पहिल्या प्रकारात पंप बदलला तर पैसे वाया जातात. दुसऱ्यात तेल बदलून चार दिवस बरं वाटतं, एवढंच.

तेल आणि जाळी

बहुतेक वेळा इथेच काम होतं. सुरुवात डिपस्टिकपासून करा, पण ट्रॅक्टर सपाट जागी आणि लिफ्टचे आर्म पूर्ण खाली असू द्या. आर्म वर असले की सिलिंडरमध्ये तेल अडकतं आणि पातळी उगाच कमी दिसते. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. खात्रीसाठी तापलेल्या तव्यावर एक थेंब टाका. तडतडला तर पाणी आहेच. फेस दिसला तर सक्शनला (पंपाकडे तेल ओढणाऱ्या पाईपला) हवा लागतेय. पाईपच्या जोडावर ग्रीस फासा. आवाज बदलला तर तिथली ओ-रिंग (रबरी कडी) कडक झालीय.

आता ग्रेड. आयएसओ ६८ या हायड्रॉलिक तेलाचा घट्टपणा ४० अंशांना ६८ सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप) असतो, १० अंशांना तो ४००च्या आसपास जातो. ९० नंबरचं गिअर ऑईल त्याच गारठ्यात हजाराच्या पुढे जातं. लेव्हल कमी दिसली म्हणून घरात असलेलं ९० नंबर ओतलं, की सकाळचा पंप उपाशी राहतो. दुसऱ्या बाजूला, ऑईलमधले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरात नुसतं आयएसओ ६८ घातलं तर ब्रेक करकरतात. अशा ट्रॅक्टरला पुस्तिकेत दिलेलं यूटीटीओच (गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक तिन्हींना चालणारं तेल) घाला, दोन पैसे जास्त गेले तरी.

तेल तासभर काम झाल्यावर, गरम असतानाच काढा; गाळ सोबत निघतो. तेल गाळणारी जाळी डिझेलमध्ये धुऊन हवा आतून बाहेर मारा. कागदी फिल्टर धुऊन परत बसवू नका, नवा घ्या. नवं तेल भरल्यावर इंजिन मंद ठेवून लिफ्ट आठ-दहा वेळा वर-खाली करा आणि पातळी पुन्हा बघा. मुरूम-मातीची डंपिंग ट्रॉली अनेकांच्या ट्रॅक्टरला जोडली जात असेल, तर तिच्या जॅकमधलं घाण तेल आणि कपलरवरची (पाईप जोडायच्या तोंडावरची) धूळ तुमच्याच गिअरबॉक्समध्ये येते. जोडण्याआधी दोन्ही तोंडं पुसा. जाळी वारंवार तुंबण्याचं कारण बऱ्याचदा हेच निघतं.

पंप

पंपाला हात लावण्याआधी मिस्त्रीला प्रेशर गेज लावायला सांगा. तेल गरम असताना, लिव्हर शेवटपर्यंत ओढून, पुस्तिकेतल्या आकड्याशी मोजमाप ताडा. तेल गार असताना प्रेशर पुरतं आणि गरम झाल्यावर पडतं, तर पंप झिजलाय, किंवा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा) लवकर उघडतोय. आधी व्हॉल्व्ह तपासा, तो स्वस्तात सुटतो.

पंप कुठे आहे त्यावर मेहनत ठरते. इंजिनच्या बाजूला बसवलेला गिअर पंप काही तासांत निघतो. मॅसी फर्ग्युसनच्या जुन्या मॉडेलांत पिस्टन पंप तेलातच, पीटीओ शाफ्टवर (अवजाराला फिरवणाऱ्या दांड्यावर) बसलेला असतो. त्यासाठी वरचं लिफ्ट कव्हर उचलावं लागतं. त्यातल्या काही ट्रॅक्टरांत पीटीओ लिव्हर लागलेला नसेल तर लिफ्ट हलतच नाही, हे आधी बघून घ्या.

आणि एक तिसरी शक्यता. अवजार उचलून इंजिन बंद केल्यावर ते थोड्याच वेळात खाली येतं, किंवा इंजिन चालू असताना आर्म सारखे नाचतात, तर दोष सिलिंडरच्या सीलमध्ये किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये आहे. यासाठी पंप विकत घेऊ नका.

गिअर पंप उघडलाच तर आतल्या प्लेटवरून नख फिरवा. ओरखड्यात नख अडकलं तर सील किट घालून उपयोग नाही, नवा पंपच घ्या. तो बसवताना तेल आणि जाळी बदलून घ्या, आणि सुरू करण्याआधी सक्शनच्या तोंडातून पंपात हाताने तेल भरा. कोरडा फिरलेला पंप पहिल्याच दिवशी झिजतो.