जानेवारी ते जुलै विमानभाड्यावर नजर: दिवाळीच्या सुट्टीतलं मलेशिया चौघांना कितीला पडलं

जानेवारी 2025 मध्ये गूगल फ्लाइट्सवर मुंबईहून क्वालालंपूर, कोलंबो, बँकॉक आणि व्हिएतनाममधलं दा नांग अशा चार मार्गांची भाडे-सूचना लावली. भाडं वर-खाली झालं की मेल येतो, पैसे लागत नाहीत. या सूचनांच्या भरवशावर एक सहल सोडून दिली आणि एक करून आलो, त्याचा हा अनुभव.

आम्ही नाशिकचे. मुलगा सातवीत, लेक चौथीत. दोन वर्षांपुढच्या मुलाला विमानात पूर्ण सीट घ्यावीच लागते, आणि स्वस्तातल्या कंपन्यांत मुलांचं भाडं मोठ्यांइतकंच धरायचं. म्हणजे तिकिटामागे दोन हजार वाढले की घरातून आठ हजार गेले. वर सुट्टी शाळा ठरवणार. म्हणून आम्ही उलटं केलं: सुट्टी पक्की धरली आणि ठिकाण भाड्यावर सोडलं.

मे महिन्यासाठी तीन महिने मेल बघितले. कोलंबो सोडून एकही भाडं आमच्या आकड्यात बसेना, आणि मेच्या उत्तरार्धात कोलंबोकडे नैऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो. मग दापोलीला चार दिवस जाऊन आलो. पूर्वी असं व्हायचं नाही. 'उतरेल, उतरेल' म्हणत एप्रिलअखेर येऊन पोचायचो आणि मिळेल ते महाग तिकीट काढायचो. या वेळी तीन महिन्यांचे आकडे समोर असल्यामुळे नाही म्हणणं सोपं गेलं.

दिवाळीसाठी खरा उपयोग झाला तो गूगल फ्लाइट्सवरच्या तारखांच्या तक्त्याचा. जायच्या तारखा आडव्या, यायच्या उभ्या, आणि प्रत्येक चौकटीत भाडं. 2025 ची भाऊबीज 23 ऑक्टोबरला होती. फेब्रुवारीत बघितलं तेव्हा 18 ऑक्टोबरला निघायचं तर क्वालालंपूरचे चौघांचे 1 लाख 38 हजार होत होते. 25 ला निघून 1 नोव्हेंबरला परत यायचं तर 1 लाख 6 हजार. सुट्टी तीच, विमान तेच, फरक 32 हजारांचा. जुलैत एका सकाळी डबे भरताना मेल आला: 92,400. त्याच दिवशी तिकिटं काढली. शिवाय दिवाळी घरी झाली, भाऊबीज माहेरी झाली, सण मोडून निघावं लागलं नाही याचं सासूबाईंना फार बरं वाटलं.

त्या दिवशी दा नांगचं एक थांब्याचं तिकीट माणशी दीड हजारानं आणखी स्वस्त होतं. पण व्हिएतनामच्या ई-व्हिसाचे माणशी 25 डॉलर मिळवले की तो फायदा संपतो. मलेशियाला भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. आणि मध्य व्हिएतनाममध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर हा वादळी पावसाचा काळ. आम्ही मलेशियातल्या पेनांग बेटावर होतो नेमक्या त्याच आठवड्यात ह्वे आणि होई आनमध्ये मोठा पूर आला. हॉटेलच्या टीव्हीवर ते बघताना अंगावर काटा आला. भाड्याच्या मेलमध्ये पाऊस लिहिलेला नसतो, तो आपणच बघायचा. मलेशियातही तेव्हा पाऊस असतो, रोज दुपारनंतर आम्हीही भिजलो, पण सकाळ मोकळी मिळायची.

एक चूक मात्र मनाला लागली आहे. सगळ्यात कमी भाड्याची लिंक एका तिऱ्हाईत बुकिंग साइटची होती, माणशी तीनशे रुपये वाचत होते, म्हणून तिथून तिकिटं काढली. आपल्याकडे पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात बहुधा मुलाचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही असतात. मी घाईत मुलाचं फक्त पहिलं नाव भरलं. दुरुस्तीसाठी त्या साइटला नऊ मेल केले, फोनवर तासन् तास थांबले. शेवटी 3,200 रुपये भरून काम झालं, तोवर अकरा दिवस झोप उडाली होती. बाराशे वाचवायला गेले होते. आता भाडं गूगल फ्लाइट्सवर शोधते आणि तिकीट विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर काढते, पासपोर्ट समोर उघडा ठेवून. लेकीचा पासपोर्ट फेब्रुवारी 2026 ला संपणार होता. प्रवासाच्या वेळी किमान सहा महिने शिल्लक लागतात, म्हणून त्याचंही नूतनीकरण तेव्हाच करून घेतलं. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, हे सहज विसरतं.

दिसणाऱ्या भाड्यात बऱ्याचदा चेक-इन बॅग धरलेली नसते. आम्हाला दोन बॅगांचे जाऊन-येऊन 9,600 पडले. आणि रात्री एकची फ्लाइट असेल तर तारीख नीट वाचा: 25 ची फ्लाइट म्हणजे नाशिकहून 24 ला दुपारीच निघायचं.

मलेशियात खर्च आटोक्यात राहिला. परदेशी पाहुण्यांना प्रत्येक खोलीमागे रात्रीला 10 रिंगिट पर्यटन कर असतो, म्हणून दोन खोल्यांऐवजी एक कुटुंबाची खोली घेतली. क्वालालंपूरहून रेल्वेनं बटरवर्थ, तिथून फेरीबोटीनं पेनांगमधलं जॉर्जटाउन. फेरीच्या कठड्याला टेकून मुलं जितकी खूश होती तितकी कुठल्याही तिकिटाच्या ठिकाणी नव्हती. बटू केव्ह्जच्या 272 पायऱ्या लेक मोजत चढत होती. मध्येच माकडानं तिच्या हातातली केळा वेफर्सची पुडी ओढली आणि आकडा चुकला. ती डोळे पुसून परत खाली गेली आणि एकपासून मोजत वर आली. मुख्य गुहेच्या मंदिराला प्रवेशशुल्कही नाही.

सगळा हिशोब: तिकिटं 92,400, बॅगा 9,600, सात रात्री राहणं करासह 33,700, जेवणखाण 22,000, तिथला प्रवास 14,000, प्रवेश तिकिटं 9,000, नाशिक-मुंबई गाडी 9,000, विमा 2,400. एकूण 1 लाख 92 हजारांच्या आसपास, नावाच्या दुरुस्तीचे 3,200 वेगळे. जवळपास त्याच तारखांना टूरवाल्यांनी चौघांचे 3 लाख 10 हजार सांगितले होते, वर तेव्हाच्या दरानं 5 टक्के टीसीएस, म्हणजे आयकरापोटी आधीच घेतली जाणारी रक्कम. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण आधी खिशातून जातोच.

ज्यांच्यासोबत आजी-आजोबा आहेत त्यांनी टूरनंच जावं, असं माझं मत आहे. बॅगा ओढत रेल्वे आणि फेरी बदलणं त्यांना झेपणारं नाही.

पुढच्या सुट्टीसाठी पुन्हा चार मार्ग लावलेत. या वेळी यादी मुलानं केली आहे, आणि सकाळचा मेल आधी तोच उघडतो.