सातपाटी की हर्णै?

नाशिकमध्ये राहून कोळीवाड्याची ओढ वाटणाऱ्याला त्र्यंबक, मोखाडा, जव्हार या रस्त्याने पालघरजवळचे सातपाटी गाठता येते. हर्णै पार दापोली तालुक्यात, म्हणजे मुक्काम आलाच. हर्णैला वाळूवरचा संध्याकाळचा लिलाव आणि समोर समुद्रातला सुवर्णदुर्ग आहे, त्यामुळे मासळी घटली तरी पर्यटकांचा आधार उरतो. सातपाटीची कीर्ती मात्र पापलेटावर उभी राहिली आणि लहान आसाच्या (बारीक छिद्रांच्या) जाळ्यांत कोवळी पिल्लेच ओढली जाऊ लागल्याने ती आवक ओसरत गेली. २०२३ मध्ये चंदेरी पापलेट राज्यमासा ठरला, हा सन्मान (माझ्या मते) उशिराचाच. देखाव्यासाठी हर्णै निःसंशय सरस, पण मासेमारीवर वाढलेले गाव कशामुळे खचते हे समजून घ्यायचे असेल, तर मी सातपाटीच निवडेन.