वार्षिक प्रवास विमा, अकरा महिन्यांच्या वापरानंतर: सगळं अडतं ते सुरुवातीच्या तारखेपाशी

अकरा महिने आणि चार प्रवास झाल्यावर पहिलं सांगायचं ते हे, की या पॉलिसीच्या फॉर्ममधली सगळ्यात महाग पडणारी जागा म्हणजे 'पॉलिसी सुरू होण्याची तारीख'. बहुतेक जण तिथे डोळे झाकून विमानाची तारीख टाकतात. एका प्रवासाच्या पॉलिसीत ते चालून जातं. वार्षिक पॉलिसीत तीच सवय अंगाशी येते.

एका प्रवासाच्या पॉलिसीत साधारणपणे दोन घड्याळं असतात. कॅन्सलेशनचं कव्हर, म्हणजे प्रवास रद्द करावा लागला तर बुडणाऱ्या पैशांचं, पॉलिसी निघाली की सुरू होतं. उपचार, सामान, अपघात, विमानाचा उशीर ही बाकीची कलमं घराबाहेर पडल्यावर. त्यामुळे ही पॉलिसी बुकिंगच्याच दिवशी घ्यावी. तीन महिने आधी घेतली म्हणून प्रीमियम सहसा वाढत नाही, पण मधल्या तीन महिन्यांत आजारपण आलं तर बुडणारे पैसे परत मिळायची सोय होते. निघायच्या आदल्या रात्री विमा काढणारे कॅन्सलेशनचे पैसे भरतात आणि ते कव्हर जेमतेम काही तास वापरतात.

वार्षिक पॉलिसीत घड्याळ एकच. टाकलेल्या तारखेच्या आधी कोणतंच कलम जागं नसतं, कॅन्सलेशनचंही नाही. समजा जानेवारीत तिकिटं आणि हॉटेल बुक केलं, विमान १० मेचं. पॉलिसी जानेवारीतच विकत घेतली, पण सुरुवात १० मेपासून ठेवली, 'वर्ष पुरेपूर वापरता यावं' म्हणून. २० एप्रिलला पाय मोडला आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. हातात पॉलिसीचा कागद आहे, प्रीमियम भरलेला आहे, आणि क्लेम शून्य. पॉलिसी त्या दिवशी सुरूच झालेली नव्हती. तारीख जानेवारीची टाकली असती तर हाच क्लेम बसला असता.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की मग पहिले चार महिने फुकट गेले. गेले नाहीत. आगाऊ भरलेले पैसे त्या चार महिन्यांतच धोक्यात असतात. पण पहिला प्रवास खूप लांबचा असेल आणि बाकीचे त्यानंतर एकापाठोपाठ असतील, तर वेगळा मार्ग आहे: पहिल्या प्रवासाला स्वतंत्र पॉलिसी बुकिंगच्या दिवशी घ्यायची आणि दुसऱ्या प्रवासाचं बुकिंग होईल त्या दिवसापासून वार्षिक सुरू करायची. हिशोब करून पाहिला तर कित्येकदा हे स्वस्तही पडतं.

तारखेचा आणखी एक बारकावा मध्यरात्रीच्या विमानांचा. तिकिटावर १२ तारीख, पहाटे १:४० चं उड्डाण. घरातून निघायचं ११ च्या रात्री नऊला. एका प्रवासाच्या पॉलिसीत सुरुवात १२ टाकली, तर टॅक्सीत राहिलेली बॅग आणि विमानतळाच्या रस्त्यावरचा अपघात दोन्ही कव्हरच्या बाहेर. तारीख ११ चीच हवी. त्यातही 'प्रवास' या शब्दाची व्याख्या वाचून घ्यावी. काही पॉलिसींत प्रवास घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो, काहींत देशाची सीमा ओलांडल्यावर. व्याख्यांचं पान कुणी वाचत नाही, आणि क्लेम नाकारल्याच्या पत्रात नेमकं त्याच पानाचं वाक्य येतं.

आता दिवसांची मर्यादा. 'वर्षभर कितीही प्रवास' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण प्रत्येक प्रवासाला ३१, ४५, ६० किंवा ९० दिवसांची कमाल मर्यादा असते. निघायचा आणि परतायचा असे दोन्ही दिवस मोजतात. ३ मेला निघून २ जूनला घरी पोहोचलं तर बरोबर ३१ दिवस. तेच परतीचं विमान २ जूनच्या रात्री उशिरा असेल आणि घरी पोहोचेपर्यंत ३ तारीख उजाडत असेल, तर ३२. हा एक दिवस किती महागात पडतो हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरतं. काही कंपन्या ३१ व्या दिवसापर्यंत कव्हर देतात आणि पुढे हात वर करतात. काहींचा नियम कडक असतो: मुळात मर्यादेपेक्षा लांबचं बुकिंग असेल तर तो अख्खा प्रवासच कव्हरबाहेर, पहिल्या दिवसापासून. विमान रद्द झाल्यामुळे किंवा आजारपणामुळे परतायला उशीर झाला तर मुदत सहसा आपोआप वाढते. स्वतःहून मुक्काम वाढवला तर वाढत नाही.

प्रवासात असताना नवी पॉलिसी काढणं हा उपाय कागदावरच राहतो. बहुतेक पॉलिसींना प्रवास घरून सुरू होऊन घरीच संपायला हवा असतो. परदेशात असताना विमा देणाऱ्या कंपन्या आहेत, पण त्यांत उपचाराचं कव्हर बऱ्याचदा ४८ किंवा ७२ तासांनी सुरू होतं.

वर्ष संपतानाचा घोळ पहिल्या वर्षी जाणवत नाही, तो नूतनीकरणाच्या तोंडावर उभा राहतो. पॉलिसी १५ जानेवारीला सुरू झालेली, म्हणजे १४ जानेवारीला संपणार. प्रवास ८ ते २० जानेवारी. शेवटचे सहा दिवस कोण सांभाळणार? नवी पॉलिसी एकही दिवस न सोडता जोडून घेतली असेल तर बऱ्याच कंपन्या प्रवास अखंड धरतात. पण नूतनीकरण दुसऱ्या कंपनीकडे केलं, तर ती म्हणते, प्रवास आमच्या मुदतीत सुरूच झालेला नाही. अशा प्रवासाला एक तर जुन्याच कंपनीकडे राहावं, नाही तर त्या प्रवासापुरती वेगळी पॉलिसी घ्यावी. पुढच्या वर्षातल्या प्रवासाचं बुकिंग आत्ता केलं असेल तर विचारायचा प्रश्न असा: 'कॅन्सलेशन ज्या दिवशी करावं लागलं तो दिवस बघता, की प्रवास सुरू होण्याचा?' उत्तर लेखी घ्यावं. फोनवरचा माणूस नेहमी 'हो, कव्हर आहे' म्हणतो.

आरोग्याची माहिती एकदा भरली की झालं, असं वार्षिक पॉलिसीत नसतं. सहा महिन्यांनी रक्तदाबाची गोळी सुरू झाली, एखादी तपासणी सांगितली, जुन्या औषधाची मात्रा वाढली, तर बऱ्याच पॉलिसींत ते पुढचं बुकिंग करण्याआधी कळवावं लागतं. कंपनी जादा प्रीमियम मागेल, तो आजार वगळेल किंवा तसंच चालू ठेवेल. न कळवता बुकिंग केलं आणि त्याच आजाराने परदेशात रुग्णालय गाठावं लागलं, तर क्लेमच्या वेळी कंपनी डॉक्टरांकडच्या जुन्या नोंदी मागवते आणि पहिली नजर तारखांवर टाकते. आधीच बुक केलेल्या प्रवासांचं काय हेही तेव्हाच विचारून घ्यावं, कारण त्यांना वेगळा न्याय लागू शकतो.

'आधीच माहीत असलेली घटना' कव्हरबाहेर ठेवणारं कलम हाही तारखांचाच खेळ. १४ एप्रिल २०१० ला आइसलँडमधल्या ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला आणि राखेमुळे युरोपातली विमानं जवळपास आठवडाभर खोळंबली. बातमी आल्यावर घेतलेल्या पॉलिसीचा त्या राखेपुढे उपयोग नव्हता. वार्षिक पॉलिसीधारकांना वाटतं, आपली पॉलिसी तर जुनी आहे. पण अनेक पॉलिसी त्या-त्या प्रवासाच्या बुकिंगची तारीखही बघतात, आणि दोन्हींत जी नंतरची असेल ती धरतात. संप जाहीर झाल्यानंतर तिकीट काढलं, तर वर्षभराची पॉलिसी असूनही हात रिकामे.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, वार्षिक पॉलिसी चालते, फक्त प्रमाणपत्र नीट मागून घ्यावं. किमान ३०,००० युरोचं उपचार आणि मायदेशी परत आणण्याचं कव्हर, सगळा शेंगेन प्रदेश, आणि मुक्कामाचा पूर्ण काळ, हे त्यावर दिसायला हवं. अनेक प्रवेशांच्या व्हिसाला अर्जाच्या वेळी पहिल्या मुक्कामाचा पुरावा पुरतो. पुढच्या वेळांचा विमा ही प्रवाशाची जबाबदारी.

बाकी गोष्टी थोडक्यात. प्रदेश निवडताना वर्षातलं सगळ्यात लांबचं ठिकाण धरावं. 'अमेरिका-कॅनडा वगळून जग' हा पर्याय स्वस्त असतो, पण वर्षाच्या मध्यात बदलायचा म्हटलं तर कटकट. बर्फावरच्या खेळांना वर्षाला वेगळे, मोजकेच दिवस मिळतात. कव्हरची रक्कम प्रत्येक प्रवासाला नव्याने मिळते की वर्षभराला मिळून एकच, हे तपासल्याशिवाय पैसे भरू नयेत. सामान उशिरा आलं तर विमानतळ सोडण्यापूर्वी एअरलाइनच्या काउंटरवर तक्रारीचा लेखी कागद घ्यावा, नाही तर विमा कंपनी पुढे ऐकत नाही. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला लागू असलेल्या माँट्रियल करारानुसार एअरलाइनकडे लेखी दावा करायची मुदत मोडलेल्या सामानासाठी ७ दिवस आणि उशिरा आलेल्यासाठी २१ दिवस आहे, दोन्ही सामान हातात आल्यापासून.

वर्षाला एकच प्रवास असेल तर वार्षिक घेण्यात अर्थ नाही. तीन झाले की बहुतेक वेळा परवडते. दोनवर मामला अटीतटीचा असतो. वर्षातून एकदाच दोन-तीन महिने मुलांकडे जाणाऱ्यांनी तर घेऊच नये, त्यांची गाडी दिवसांच्या मर्यादेलाच अडते.

पॉलिसी संपायला महिना उरला असताना ऑटो-रिन्यूअल बंद करून फॉर्म नव्याने भरला, कारण ते चालू ठेवलं असतं तर आरोग्याची जुनीच उत्तरं पुढे सरकली असती. चारपैकी एकही प्रवास तीन आठवड्यांच्या वर गेला नव्हता, म्हणून ६० दिवसांची मर्यादा सोडून ३१ ची घेतली. वाचलेला फरक कॅन्सलेशनची रक्कम वाढवण्यात घातला. सुरुवातीची तारीख जुनी पॉलिसी संपल्याच्या दुसऱ्याच दिवसाची, पुढचं विमान चार महिन्यांनी असलं तरी. त्याचं हॉटेल बुक झालेलं आहे.