पुरात बुडालेली व्हॅन प्लायवूडखाली झाकून मला विकली

सायकली घेऊन फिरायला आणि अधूनमधून आत झोपायला एखादी जुनी व्हॅन घ्यावी, असा विचार तुमच्या मनात असेल तर पैसे देण्याआधी माझा हा अनुभव वाचा. माझे ३ लाख २५ हजार अडकले, ते एक वेळ बाजूला ठेवतो. पण त्या गाडीत मी आणि बायको नऊ रात्री झोपलो, हे आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

आम्ही दोघंही सायकल चालवतो, राहतो पुण्यात. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीला, साडेतेरा तास मिळतात, सुरुवात पहाटे होते. गाव लांबचं असलं की आदल्या रात्रीचा मुक्काम आलाच. कारच्या मागे रॅक लावून पाहिला होता. घाटात सायकली हलत राहतात, नंबर प्लेट झाकली जाते आणि चहाला थांबलं तरी एकाने गाडीपाशी राहावं लागतं. म्हणून व्हॅन घ्यायचं ठरवलं. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, बाजारात मिळतात त्या फार जुन्या. राहिली ईको. दरवाजे सरकते, पुढची चाकं काढली की दोन्ही सायकली एका बाजूला उभ्या राहतात, उरलेल्या जागेत तिरकं झोपता येतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हायवेलगतच्या एका विक्रेत्याकडे २०१६ ची पाच सीटर ईको दिसली. एमएच-०८, म्हणजे रत्नागिरी पासिंग. मीटरवर ४१ हजार किलोमीटर. आत सपाट प्लायवूडचा तळ, त्यावर करड्या रंगाचं रेक्झिन, सायकलचे फोर्क अडकवायला क्लॅम्प आणि घडीची गादी. "सर, तुमच्यासाठीच बनवल्यासारखी आहे," तो म्हणाला. "कोकणातल्या मास्तरांची गाडी, सिंगल ओनर. घर ते शाळा, एवढंच फिरलेली." गाडीचे २ लाख ८५ हजार आणि आतल्या कामाचे ४० हजार. तसं काम करून घ्यायला मला सुताराकडे महिनाभर खेटे घालावे लागले असते. मला ते ४० हजार जास्त वाटले नाहीत.

माझ्या नेहमीच्या मिस्त्रींना सोबत नेलं होतं. त्यांनी इंजिन ऐकलं, ऑइल पाहिलं, एक चक्कर मारली. मग म्हणाले, तळ बघायला हा प्लाय उचलावा लागेल. विक्रेता लगेच मध्ये पडला. "काढलं तर रेक्झिन फाटेल सर, नवीन काम आहे, परत बसवायला चार हजार लागतील." मी मिस्त्रींना म्हटलं, राहू द्या. आत सोल्युशनचा आणि एअर फ्रेशनरचा असा वास भरलेला होता की दुसरा कुठला वास येणं शक्यच नव्हतं. आरसीवर पत्ता चिपळूण तालुक्यातल्या गावाचा होता. तो वाचूनही माझ्या डोक्यात २०२१ च्या पुराचा विचार आला नाही.

पैसे बहुतेक रोखीने दिले. पावती मिळाली दीड लाखाची. नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० त्याने स्वतःकडे ठेवले, "पंधरा दिवसांत काम होईल सर." डिलिव्हरी नोटवर बारीक अक्षरात छापलेलं होतं: गाडी आहे त्या स्थितीत पाहून, पसंत करून घेतली आहे. मी सही केली.

हिवाळा बरा गेला. फक्त लांबचा प्रवास झाला की दोघांचीही डोकी दुखायची. आम्हाला वाटायचं, प्रवासाचा शीण. एप्रिलमध्ये माणगावजवळ मुक्काम होता. फार उकडत होतं म्हणून तासभर इंजिन चालू ठेवून एसी लावला आणि आडवे झालो. मला जाग आली तेव्हा डोकं ठणकत होतं. बायको उलटी करायला बाहेर पळाली. तेव्हाही आम्ही आदल्या रात्रीच्या जेवणालाच दोष दिला.

जूनमध्ये पाटण, कोयनानगर करत चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाट उतरताना दोन्ही हेडलाइट एकदम गेले. बाहेर पाऊस, धुकं, समोरून ट्रक. मोबाइलच्या उजेडात गाडी कशीबशी कडेला घेतली आणि उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

सकाळी चिपळूणला मावशीकडे पोचलो. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिच्या घराचा तळमजला छतापर्यंत बुडाला होता. सायकली उतरवायला म्हणून मी दार सरकवलं, ती डबा घेऊन शेजारी उभी होती. जागच्या जागी थबकली.

"अरे, ही गाडी कुठून घेतलीस?"

"पुण्यातूनच, अगं. पावसाने कोंदटली आहे जरा."

"कोंदट नाही हे. पुराचा वास आहे हा. तीन महिने घरातून घासून काढत होते मी. मला नको सांगूस."

तिच्या ओळखीचा फिटर आला. त्याने बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि संपेपर्यंत सावकाश बाहेर ओढला. रोज वापरात येणारा भाग स्वच्छ काळा होता. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मात्र तांबूस चिखल वाळून बसला होता, विणीच्या प्रत्येक धाग्यात. त्याने नखाने खरवडला तसा तो पिठासारखा माझ्या हातावर पडला.

मग प्लायचे स्क्रू काढले. पत्र्याच्या खोबणींमध्ये बोटभर गाळ, त्यात आंब्याचं एक वाळलेलं पान. वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडलेले. आणि सायलेन्सरच्या वर, बरोबर जिथे आमची उशी असायची तिथे, पत्रा कुजून तीन भोकं पडलेली. त्यातून खालची जमीन दिसत होती. फिटर माझ्याकडे बघत म्हणाला, "दादा, सायलेन्सरपण गळतोय. धूर इथून आत येतो. तुम्ही यात झोपता?" बायको ओट्यावर जाऊन बसली आणि रडायला लागली. इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो.

नंतर जे शोधलं ते सगळं आधी अर्ध्या दिवसात शोधता आलं असतं, म्हणून कळकळीने सांगतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर दिला, तर शेवटची नोंद जून २०२१ ची, ६८ हजार किलोमीटरची. मीटरच दुसऱ्या गाडीचा बसवलेला होता. जुन्या पॉलिसीवरून विमा कंपनीकडे चौकशी केली, तर पुराचा दावा, टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडण्यापलीकडे गेलेली गाडी. आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते या माणसाकडे नव्हतंच. ते मागून पाहण्यात काहीही संकोच करू नका. आतून सजवलेली गाडी असेल तर तळ उघडून दाखव म्हणा, बसवण्याचे पैसे आपण द्या. तो नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. आणि पट्टा शेवटपर्यंत ओढा, पुढचेही आणि मागचेही. चिपळूणचे लोक आता गाडी बघताना आधी तेच करतात.

विक्रेत्याला गाठलं, तर त्याने डिलिव्हरी नोट पुढे केली. "तुम्ही पसंत करून घेतलीत." आधीचं "सर" गेलं होतं.

आरसीवरच्या पत्त्यावर गेलो. मास्तर खरोखरच होते, निवृत्त झालेले. गाडी पुरात गेल्यावर विम्याचे पैसे घेऊन त्यांनी ती सोपवून दिली होती. अजून आपल्याच नावावर आहे, हे ऐकून त्यांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे, अपघात झाला तर नोंदीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येते. म्हणजे मी कुणाला ठोकरलं असतं तर नोटीस या माणसाच्या दारात आली असती.

मास्तरांनी टोटल लॉसचं पत्र मला दिलं, प्रतिज्ञापत्र करून दिलं. आम्ही पोलिसांत अर्ज केला आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. १९१५ या हेल्पलाइनवर आधी बोलता येतं. दीड लाखाच्या पावतीपलीकडचे पैसे सिद्ध करणं मात्र फार अवघड जातंय, एवढं सांगून ठेवतो.

गाडी मावशीच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. आयोगाने पाहणी करायला सांगितली तर दाखवावी लागेल, म्हणून भंगारात दिलेली नाही. मावशी रोज तिच्याजवळून जाते आणि प्रत्येक वेळी पदर नाकाला लावते.