ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेलं म्हणून २२ हजार घेतले, बिघाड चावीत होता

गेल्या महिन्यात आईचे डोळे दाखवायला सेलूहून परभणीला गेलो होतो. नंबर यायला वेळ होता, म्हणून चावीचं तुटकं कव्हर रस्त्यावरच्या चावीवाल्याकडून बदलून घेतलं अन् जुनं डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलं.

दुपारी निघालो तर गाडी चालू होईना. बटण दाबलं की दारं उघडत होती, स्टार्टर जोरात फिरत होता, इंजिन एकदा लागायचं अन् लगेच बंद. मीटरवर चावीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकत होता.

मेकॅनिक आला. स्कॅनर लावला, पण पडदा मला दिसू दिला नाही. "भाऊ, ईसीएम उडालंय. नवीन टाकून चावी कोड करावी लागंल, २२ हजार." आईच्या डोळ्यांत औषध घातलेलं, उजेड सहन होईना म्हणून ती पदर डोळ्यांवर धरून मागच्या सीटवर बसलेली. मी हो म्हणालो. दोन तासांनी गाडी चालू करून दिली. जुनं ईसीएम मागितलं तर म्हणे, "ते कंपनीला परत जातं."

आठ दिवसांनी घरची दुसरी चावी लावली तर गाडी पहिल्या झटक्यात चालू! ही चावी गॅरेजला गेलीच नव्हती. ईसीएम नवीन असतं तर तिला ओळखलंच कसं? सेलूतल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. ईसीएमच्या बोल्टवर जुना धुळीचा थर तसाच, पान्याचा ओरखडासुद्धा नाही. जुनं कव्हर कप्प्यातच होतं, पण दोन फाका करून. गाडी ज्या चिपवरून चावी ओळखते, तिची आतली खाच रिकामी. चावीवाल्यानं चिप जुन्या कव्हरमध्येच ठेवली होती, मेकॅनिकनं ती काढून नव्यात बसवली. एवढंच काम.

दारं उघडणारं रिमोट चावीतल्या सेलवर चालतं. चिपला सेल लागत नाही, इग्निशनभोवतीची कॉईल तिला वाचते. नंबर जुळला नाही की इंजिन बंद पडतं. म्हणून दार उघडतं म्हणजे चावी ठीक, असं धरू नका. आधी दुसरी चावी लावून बघा. स्कॅनरच्या पडद्याचा फोटो मागा. पी०५१३ कोड दिसला तर तक्रार चावीच्या ओळखीची आहे. ईसीएम बदलायचंच म्हणाले तर आधी जुन्याच्या नंबरचा फोटो काढा अन् जुना पार्ट हातात घ्या.

माझ्या बिलावर नुसतं 'इलेक्ट्रिक काम' लिहिलंय. तरी बिल अन् बोल्टचे फोटो घेऊन परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथं शुल्क नाही.