मधुमेहामुळे आलेली दृष्टिपटलाची सूज : वडिलांच्या लेझर उपचाराचा अनुभव

सोलापुरात यंत्रमागावर तीस वर्षे चादरी विणलेल्या माझ्या वडिलांना तुटलेला धागा नीट दिसेनासा झाला, तेव्हा शहरातील एका नेत्ररुग्णालयात केलेल्या ओसीटी तपासणीत (प्रकाशकिरणांनी डोळ्याच्या आतील पडद्याच्या थरांचे चित्र घेणारी तपासणी) मधुमेहामुळे दृष्टिपटलाला, म्हणजे याच पडद्याला, सूज आल्याचे निदान झाले. सूज अगदी केंद्रात असती तर आधी डोळ्यात इंजेक्शने द्यावी लागली असती, परंतु झिरपणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या केंद्रापासून थोड्या दूर असल्याने लेझर योग्य ठरेल, हे डॉक्टरांनी चित्र दाखवून समजावले. गेलेली नजर लेझरने सहसा परत येत नाही, उरलेली टिकवणे हाच हेतू असतो, हेही त्यांनी आधीच स्पष्ट केले. हा प्रामाणिकपणा मला सर्वांत मोलाचा वाटला. (दृष्टी बरीच घटण्याचा धोका लेझरमुळे सुमारे निम्म्याने कमी होतो, हे अमेरिकेतील मोठ्या अभ्यासातून 1985 मध्येच पुढे आले होते.) बाहुली मोठी करणारे व डोळा बधिर करणारे थेंब घालून, डोळ्यावर भिंग टेकवून केलेला उपचार काही मिनिटांत आटोपला. प्रतीक्षा मात्र तीन तासांची होती. जेवणाच्या वेळा पाळाव्या लागणाऱ्या मधुमेही रुग्णांना रुग्णालयाने वेळ ठरवूनच बोलवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.