क्युरेटर व्हायचं की म्युझियम एज्युकेटर?

भाची एन्शंट इंडियन कल्चरमध्ये एमए करतेय, आता म्हणते मावशी मला क्युरेटरच व्हायचंय. मी म्हटलं थांब जरा. मी दोन्हीकडे थोडी थोडी वर्षं काढलीयेत, त्यामुळे तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे टाकते.

क्युरेटर, म्हणजे म्युझियममधला संग्रह सांभाळणारी व्यक्ती, म्हटलं की लोकांना हातमोजे घालून मूर्ती न्याहाळणारी बाई दिसते. खरं काम म्हणजे रजिस्टर. वस्तू आली की अ‍ॅक्सेशन नंबर (म्हणजे म्युझियमच्या नोंदीतला तिचा क्रमांक), मापं, फोटो, कुठे चीर आहे कुठे रंग उडालाय ते सगळं लिहायचं, आणि वस्तूवर नंबर घालायचा तोही आधी पातळ पारदर्शक थर देऊन त्यावर शाईने, म्हणजे उद्या काढायचा झाला तर निघाला पाहिजे. मिनिएचर चित्रं आणि कापड असेल तर उजेड साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर नको, म्हणून गॅलरी अंधारी असते (आणि लोक तक्रार करतात की नीट दिसत नाही!). जुलैत मुंबईची दमट हवा सुरू झाली की कागदावर बुरशी येतेय का हे बघत बसायचं. एवढं करून प्रदर्शन दिसतं कधी, तर दोन-तीन वर्षांनी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात 2017 ला ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीच्या नॅशनल म्युझियमबरोबर 'इंडिया अँड द वर्ल्ड' झालं, तसलं काही असेल तर एकेका वस्तूचे करार, विमा, पॅकिंग, विचारूच नका.

एज्युकेटरचं, म्हणजे आलेल्या पोरांना म्युझियम समजावून सांगणाऱ्याचं, उलटं. सकाळी दहाला बस येते, 60 पोरं उतरतात, त्यातल्या दहा जणांना शू लागलेली असते, आणि अकरापर्यंत तुम्हाला कळून चुकतं की आज जमलं की फसलं. त्रिभंग (मूर्तीची तीन ठिकाणी वाकलेली उभं राहायची ढब), प्रभावळ हे शब्द बाहेर ठेवायचे आणि मूर्तीकडे बोट दाखवून विचारायचं, हा असा वाकडा का उभा राहिलाय, तू राहून दाखव बरं? सगळी पोरं वाकडी उभी राहतात आणि मग शब्द नंतर सांगितला तर लक्षात राहतो. मुंबईच्या याच वास्तुसंग्रहालयाची 2015 पासून 'म्युझियम ऑन व्हील्स' बस गावोगावच्या शाळांत जाते, 2019 ला मुलांचं वेगळं म्युझियम सुरू झालं. म्हणजे हे काम आता साइडचं राहिलेलं नाही. पण घसा बसतो, आणि रविवार तुमचा नसतो.

भांडण कुठे होतं सांगू? हात लावण्यावरून. एज्युकेटरला वाटतं पोरांनी हात लावल्याशिवाय काय कळणार, क्युरेटरला वाटतं घामाने ब्राँझ खराब होणार. दोघंही बरोबर असतात. मग प्रतिकृती करून घ्यायची, आणि तिचं बजेट कुणाच्या खात्यातून यावर परत मीटिंग.

शिक्षणाचं म्हणाल तर म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, दोन्हीला चालतं. बडोद्याच्या विद्यापीठात 1952 पासून त्याचा विभाग आहे, मुंबईत वास्तुसंग्रहालयाचा पीजी डिप्लोमा आहे. क्युरेटरला शिवाय एक विषय खोल हवा, नाणी म्हणा, शस्त्रं म्हणा, आणि एखादी जुनी लिपी येत असेल तर उत्तमच. सरकारीत पदाचं नाव अभिरक्षक, जागा मोजक्या, जाहिरातीची वाट बघायची तयारी ठेवा. पगारावर दोन्हीकडे फार उड्या मारू नका. आणि छोट्या म्युझियममध्ये तर हा प्रश्नच उरत नाही, सकाळी पोरांना फिरवायचं, दुपारी रजिस्टर घ्यायचं, संध्याकाळी ट्यूबलाईट गेली म्हणून इलेक्ट्रिशियनला फोन करायचा.

माझं मत विचाराल तर सुरुवात एज्युकेशनपासून करा. लेबल लिहायला बसल्यावर डोळ्यासमोर कुणीतरी वाचणारा असतो, नाहीतर 200 शब्दांचं लेबल होतं आणि ते फक्त दुसरा क्युरेटर वाचतो (माझं पहिलं असंच होतं). पण जिला एकटीने चार तास एका वस्तूपाशी बसायला आवडतं आणि गर्दीत जीव घाबरतो, तिने माझं ऐकू नये, सरळ स्टोअरकडे, म्हणजे क्युरेटरच्या कामाकडे, जावं.

भाची म्हणाली, मावशी मला दोन्ही आवडेल. मग म्हटलं आधी एखाद्या छोट्या म्युझियममध्ये दोन महिने व्हॉलंटियर हो, तिथे आपोआप दोन्ही करायला लावतात.